सल्ला हवा : गुलामांचा व्यापार आणि सागरी सफरींवरील मुलांची चित्रपुस्तके कशी पारखावीत?

पौडरस्ता
कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या बालवाचनालयासाठी दर्यावर्दींच्या सफरी आणि गुलामांचा व्यापार या विषयांवरील सचित्र पुस्तके निवडायची आहेत. वाचक आठ ते बारा वर्षांचे आहेत. अप्पा बळवंत चौकात जी पुस्तके चाळली, त्यांपैकी बहुतेकांत कोलंबस किनाऱ्यावर ध्वज रोवताना दिसतो, वास्को द गामा कालिकतच्या दरबारात ऐटीत उभा असतो, आणि गुलामांचा उल्लेख आलाच तर तो शेवटच्या पानावर, ही प्रथा पुढे बंद झाली एवढ्यापुरता येतो. मजकूर पडताळून पाहता येतो. चित्रांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनाबाजार
मजकूर झाकून ठेवावा आणि आधी केवळ चित्रेच पाहावीत, असे मी सुचवेन, कारण या वयातील मूल मजकूर विसरते आणि चित्र लक्षात ठेवते. गामाचेच उदाहरण घ्या. १४९८ मध्ये त्याने कालिकतचा राजा झामोरीन याच्यासाठी आणलेला नजराणा म्हणजे कापड, टोप्या, पोवळी, हात धुण्याची भांडी, साखर आणि मध. तो पाहून दरबारी मंडळींना हसू आले होते. तेव्हा राजा त्या भेटी पाहून थक्क झाल्याचे चित्र असेल, तर ते घडले त्याच्या नेमके उलट आहे. पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून घेतलेला वाटाड्या जहाजावर दिसतो का, तेही पाहावे. १५०२ मध्ये याच गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. त्याचा एका ओळीनेही उल्लेख न करता जे पुस्तक त्याला शूर म्हणते, ते मी घेणार नाही.

कोलंबसाच्या काळी सर्वांना पृथ्वी सपाट वाटत होती असे सांगणारे पुस्तक तर तिथल्या तिथे परत ठेवावे. पृथ्वीचा परीघ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने मोजला होता. कोलंबसाचे चुकले ते अंतराच्या हिशेबात. १४९५ मध्ये कॅरिबियन बेटांवरील सुमारे ५५० मूळनिवासी ताईनो माणसांना स्पेनमध्ये विकण्यासाठी जहाजांत कोंबण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे २०० वाटेतच मेली, हे मात्र अशा पुस्तकांत क्वचितच सापडते.

आणखी एक गोष्ट म्हणजे हसरे चेहरे. जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस आनंदाने केक बनवत असल्याचे दाखवणारे चित्रपुस्तक २०१६ मध्ये अमेरिकेतील प्रकाशकाने टीकेनंतर थोड्याच दिवसांत मागे घेतले. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला होता.

मोडीवाचक
वरील सूचना योग्यच आहेत, परंतु पुस्तकात त्या काळातील अस्सल चित्र छापले आहे म्हणून ते विश्वसनीय ठरते, असेही नाही. मुघल दरबारातील चित्रकार अबुल हसनने सुमारे १६१६ मध्ये काढलेल्या चित्रात जहांगीर भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. असे कधीच घडले नाही. इथियोपियात जन्मलेला, मोखा आणि बगदादच्या बाजारांतून विकला जात दख्खनमध्ये आलेला अंबर १६२६ पर्यंत जगला आणि वृद्धापकाळाने वारला. अशा चित्राखाली ही बादशहाची मनीषा आहे, एवढी ओळ छापलेली असावी.

ब्रूक्स या इंग्रजी गुलामवाहू जहाजात माणसे कशी दाटीने कोंबत, ते दाखवणारी आकृतीही अशीच. १७८८ ची ती आकृती गुलामीविरोधकांनी प्रसारासाठी छापली, आणि तरीही ती अतिशयोक्त नव्हती : तीत दाखवली आहेत त्यांहून कितीतरी अधिक, ६०९ माणसे याच जहाजाने त्याआधीच्या एका सफरीत नेली होती. अडचण एवढीच की, तीत कोणालाच चेहरा नाही. म्हणून तिच्यासोबत कोणा एका नाव असलेल्या माणसाची गोष्ट तरी असावी.

शनिवारपेठी
पेशवाईवरील पुस्तकेही याच कसोटीला लावावीत. वाड्यांच्या चित्रांत ज्या बायका नुसत्या मोलकरणी म्हणून रंगवलेल्या असतात, त्यांच्यात विकत घेतलेल्या कुणबिणी आणि बटकी असत. गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कंपनी सरकारचा कायदा पेशवाई संपल्यानंतरचा, १८४३ चा आहे.

पौडरस्ता
सर्वांचे आभार. शनिवारपेठींच्या मुद्द्यावर काही पालक नाराज होतील, पण तो टाळणार नाही. मुलांना जवळची वाटेल आणि सफर व गुलामी या दोन्हींना जोडेल, अशी एखादी व्यक्तिरेखा सुचवाल का?

जुनाबाजार
जेकब वेनराइट. गुलामांच्या जहाजातून सुटलेल्या या आफ्रिकी मुलाचे शिक्षण नाशिकच्या मिशन शाळेत झाले. १८७३ मध्ये आफ्रिकेत सफरी करणारा स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन याचे आजच्या झांबियात निधन झाले, तेव्हा त्याचे सेवक सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने सोबतच्या आफ्रिकी माणसांनी त्याचा देह पायी समुद्रापर्यंत आणला. झाडाच्या खोडावर स्मृतिलेख कोरणारा जेकबच होता. त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली, तो देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. लिव्हिंग्स्टनवरचे कोणतेही चित्रपुस्तक हाती आले की, मी शेवटची पाने आधी उघडून ही माणसे तिथे आहेत का, ते पाहतो. नसल्यास पुस्तक नाकारण्याऐवजी एक कागद टंकलिखित करून मुखपृष्ठाच्या आत चिकटवावा. गामाने जाळलेल्या जहाजाची हकिकत आठ वर्षांच्या मुलांना वाचून दाखवताना थोडक्यात सांगितली तरी चालेल. अकरा-बारा वर्षांच्या मुलांपासून ती मुळीच लपवू नये.