एम.एड.चे क्रेडिट पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये धरावेत की नाही?

खानापूरचा मास्तर

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हाणायचं तर हाणा. ज्यानं एम.एड.ला संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे पेपर देऊन लघुप्रबंध लिहिलाय, त्याला शिक्षणशास्त्राच्या पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये, म्हणजे प्रबंधाआधीच्या सक्तीच्या पेपरांत, परत त्याच पेपरांना बसवणं म्हणजे शुद्ध वेळेची नासाडी आहे. तेवढे क्रेडिट इकडे वळते करून घ्यावेत.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात अनुदानित मराठी हायस्कुलात शिकवतो. एम.एड. कोल्हापूरला केलं, दोन वर्षांचं, म्हणजे २०१५ नंतरच्या नव्या पद्धतीचं. आता कर्नाटकातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घातलंय. कोर्सवर्कचा अभ्यासक्रम हातात आला आणि माझी जुनी एम.एड.ची पुस्तिका शेजारी ठेवून बघितली. समस्येची मांडणी, परिकल्पना, नमुना निवड, मग टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, अनोवा या संख्याशास्त्राच्या चाचण्या. घटकांचा क्रमसुद्धा तोच. फरक एवढाच की तिकडं मराठीत होतं, इकडं इंग्रजीत आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमाप्रमाणं कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. एक क्रेडिट म्हणजे १५ तास धरले तर १२ क्रेडिटचे १८० तास होतात. अर्धवेळ पीएच.डी.ला नियमात परवानगी आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र जोडलं की झालं. पण हे १८० तास वर्गात बसायचे कधी? शनिवारची सकाळची शाळा सोडून पळत सुटलं तरी दुपारचा एक तास मिळतो. बाकीच्यासाठी बिनपगारी रजा.

आणि नवीन काही मागत नाही मी. २०१६ च्या नियमात एम.फिल. झालेल्यांना कोर्सवर्कमधून सूट द्यायचा अधिकार विभागाला होताच. मग एम.एड.वाल्यांनी काय घोडं मारलं?

टिळकवाडीचे सर (निवृत्त)

मास्तर, घोडं मारलं नाही. पण एकदा विकलेलं घोडं तुम्ही परत बाजारात आणताय.

तुमचे ते क्रेडिट खर्च झालेत. त्यांच्या बदल्यात तुम्हाला एम.एड.ची पदवी मिळाली. २०२१ साली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आले त्यातही हेच आहे: क्रेडिट वापरून पदवी घेतली की ते खात्यातून कायमचे वजा होतात. न वापरलेले राहिले तर सात वर्षं टिकतात. आणि त्याच एम.एड.वर तुम्हाला पीएच.डी.ला प्रवेशही मिळालाय. एकाच गोष्टीचा किती वेळा उपयोग करून घेणार?

दुसरं. घटकांची नावं तीच असली म्हणून पातळी तीच होत नाही. मी आयुष्यभर एम.एड.चे व्हायवा घेतले. लघुप्रबंध बघून बघून डोळे गेले. 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या भूमितीतील संपादनावर अमुक कार्यक्रमाची परिणामकारकता.' एक शाळा, दोन तुकड्या, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मध्ये पंधरा दिवस कार्यक्रम, शेवटी टी-टेस्ट. निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक आहे. 'परिणामकारक नाही' असा निष्कर्ष निघालेला एकही लघुप्रबंध माझ्या टेबलावर आला नाही. टी-टेस्टच का लावली म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, 'गाईड सरांनी सांगितलं.' त्या टी-टेस्टचे क्रेडिट मी पीएच.डी.ला धरायचे?

निपाणीची बाई

सरांचं एम.एड.बद्दल खरं आहे. पण सर, कोर्सवर्कला तरी कोण कुणाला विचारतं 'हीच टेस्ट का?' मी केलंय कोर्सवर्क. पहिल्या आठवड्यात नोट्सची झेरॉक्स मिळाली, स्पायरल बाइंडिंग करून. पुढं प्रत्येकानं एकेक घटक वाचून दाखवायचा, म्हणजे सेमिनार झाला. संख्याशास्त्राला प्राध्यापक नव्हते म्हणून तो भाग 'सेल्फ स्टडी'. एम.एड.ला निदान एका बाईंनी फळ्यावर हातानं गणितं करून घेतली होती.

तरी मी मास्तरांच्या बाजूनं नाही. कोर्सवर्क वाईट चालतं म्हणून ते वगळा, हे काय लॉजिक झालं? वाईट चालतं तर नीट चालवा म्हणून भांडा. उद्या क्रेडिट वळते करायची सोय झाली की विभागाला आनंदच होईल. शिकवायचं कारणच उरणार नाही.

खानापूरचा मास्तर

बाई, भांडायचं कुणी? रजा टाकून भांडायला जाऊ?

सर, पातळीचा मुद्दा मानला तर एक उत्तर द्या. त्याच २०२२ च्या नियमात चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पास झालेल्या पोराला थेट पीएच.डी. खुली केलीय. त्यानंही १२ क्रेडिट करायचे आणि मीही १२ च. म्हणजे माझी एम.एड.ची दोन वर्षं, इंटर्नशिप, लघुप्रबंध, सगळ्याची किंमत शून्य? पातळीच बघायची तर त्याला १६ द्या आणि मला ८.

टिळकवाडीचे सर (निवृत्त)

त्याला १६ द्या हे मला मान्य आहे. तुम्हाला ८ द्यायला नियमात जागा नाही, किमान १२ आहे. (आणि चार वर्षांच्या पदवीचं आपल्याकडं कशाला काढता? कर्नाटकानं २०२४ पासून परत तीन वर्षांवर आणलंय.)

एम.फिल.चा दाखलाही इथं लागू होत नाही. एम.फिल. ही संशोधनाचीच पदवी होती, तिच्यात आधी कोर्सवर्क आणि मग प्रबंध. एम.एड. शिक्षक-प्रशिक्षकाची पदवी आहे. आणि आता तर एम.फिल.च बंद केलंय.

येळ्ळूर ते टेक्सास

मध्ये बोलतो. मी अमेरिकेत शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करतोय, घर येळ्ळूरला. इकडं हा प्रकार सर्रास चालतो, पण त्यामागचं गणित वेगळं आहे.

इथल्या डॉक्टरेटला कोर्सवर्कच प्रचंड असतं. बॅचलर्सनंतर एकूण ९० च्या आसपास क्रेडिट मागणारी विद्यापीठं आहेत आणि त्यातले ३० पर्यंत मास्टर्सचे धरतात. सर म्हणतात ते 'खर्च झालेले क्रेडिट' इथंही काही ठिकाणी चालत नाहीत, पण डॉक्टरेटसाठी मास्टर्सचे धरणारी ठिकाणं भरपूर आहेत. फी दर क्रेडिटमागे असते, त्यामुळं एक पेपर वळता झाला की हजारभर डॉलर सहज वाचतात. लोक त्यासाठी जिवाचं रान करतात.

अटी मात्र कडक. ग्रेड साधारण बी किंवा वर हवी, विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं, पेपर फार जुना नको, आणि प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम द्यावा लागतो. नुसत्या नावावर कुणी धरत नाही. प्रबंधाचे क्रेडिट सहसा वळते होतच नाहीत. माझी मार्क्स कार्डं आधी मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडं गेली, मग विभागातल्या एका प्राध्यापिकेनं पेपर-पेपर बसून बघितलं. शैक्षणिक मानसशास्त्र धरलं. संख्याशास्त्र धरलं नाही, कारण अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरवर विश्लेषण कुठंच नव्हतं. म्हणजे पदवीबद्दल कुणी मत दिलं नाही. एकेका पेपरबद्दल दिलं.

मास्तरांनी तेवढंच मागावं असं मला वाटतं. 'एम.एड. धरा' म्हणून भांडू नका, 'हा पेपर धरा' म्हणून भांडा.

कुडचीकर

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर सावध करतो. खडेबाजारात एकाच्या ऑफिसात बोर्ड लागलाय, 'परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएच.डी., तुमचा अनुभव आणि जुने क्रेडिट धरून एका वर्षात.' आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी पैसे भरलेत. यूजीसी आणि एआयसीटीईनं (तंत्रशिक्षण परिषदेनं) मिळून २०२२ मध्ये जाहीर सांगितलंय की एज्युटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून देतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला इथं मान्यता नाही. आणि नियमानं पीएच.डी. किमान तीन वर्षांची, कोर्सवर्क धरून. क्रेडिट वळते करायचं दार उघडलं की पहिले हेच लोक घुसणार. त्यामुळं मी सरांच्या बाजूनं.

निपाणीची बाई

चोर घुसतात म्हणून दारच नको? मास्तर सरकारी विद्यापीठाचं मार्क्स कार्ड घेऊन उभे आहेत हो.

चंदगडची लेक

माझं प्रकरण ऐका, मग सांगा कुणाच्या बाजूनं ते.

माहेर चंदगड, म्हणजे जिल्हा कोल्हापूर पण बाजारहाट सगळा बेळगावचा. पीएच.डी.ची नोंदणी महाराष्ट्रात, कोर्सवर्क तिथंच पूर्ण केलं, पास झाले. मग लग्न होऊन वडगावला आले. मूल झालं. गाईडकडं जायचं-यायचं काही जमेना, म्हणून इकडच्या विद्यापीठात बदली मागितली. यूजीसीच्या नियमात कलमच आहे: लग्नामुळं किंवा इतर कारणानं बाईला जागा बदलावी लागली तर तिची संशोधनाची माहिती दुसऱ्या संस्थेत नेऊ द्यावी, मूळ संस्थेला आणि गाईडना श्रेय देऊन.

मी ते कलम छापून नेलं. कारकुनांनी वाचलं, आणि म्हणाले, 'इथं डेटा म्हटलंय, कोर्सवर्क कुठं म्हटलंय?' खरंच म्हटलेलं नाही. म्हणजे माझ्या भरलेल्या प्रश्नावल्या हद्द ओलांडून येऊ शकतात, पास झालेले पेपर येऊ शकत नाहीत. नवी नोंदणी करा, कोर्सवर्क परत करा. अभ्यासक्रम जोडला तर तो मराठीत, म्हणून भाषांतर आणा, नोटरी करा. परत गेले तर म्हणे नोटरी नको, मूळ विद्यापीठाचा शिक्का हवा.

सर, माझे क्रेडिट तर कुठल्याच पदवीत खर्च झालेले नाहीत. ते का धरू नयेत?

वडगावचा वाघ

हे मुद्दाम चालतं ताई. मराठी अभ्यासक्रम दिसला की यांना पोटशूळ उठतो. सीमाभागातल्या माणसानं कर्नाटकाच्या विद्यापीठात जायचंच कशाला?

निपाणीची बाई

दादा, प्रत्येक शिक्क्यात सीमाप्रश्न नका आणू. माझं एम.एड. धारवाडचं. पलीकडं कोल्हापूर भागात नोकरीला अर्ज केला तेव्हा समकक्षतेचं पत्र, मायग्रेशन, अभ्यासक्रमाची प्रत, सगळं तिकडच्यांनीही मागितलं. तिथला कारकून काही कन्नड बोलत नव्हता. आणि 'जायचंच कशाला' म्हणणं सोपं आहे, तिला तान्हं मूल आहे.

भाषेचा प्रश्न आहे, नाही असं नाही. पण तो प्रबंध कुठल्या भाषेत लिहायचा त्याचा आहे. कोर्सवर्कच्या शिक्क्याचा नाही.

टिळकवाडीचे सर (निवृत्त)

चंदगडच्या ताईंचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात मी त्यांच्या बाजूनं. त्यांचे क्रेडिट पीएच.डी.च्याच पातळीचे, यूजीसीच्याच चौकटीतले, आणि न वापरलेले. संशोधन आणि प्रकाशन नीतिशास्त्राचा दोन क्रेडिटचा पेपर तर देशभर यूजीसीनंच ठरवून दिलाय. तो कोल्हापूरला पास झालेल्या माणसाला इकडं परत द्यायला लावणं हा निव्वळ आडमुठेपणा. ताई, कारकुनांशी बोलत बसू नका. संशोधन सल्लागार समितीपुढं अर्ज जाऊ दे, गाईडच्या सहीनं. कारकुनाला 'नाही' म्हणायला कलम लागत नाही, समितीला 'नाही' लिहायचं तर कारण लिहावं लागतं.

पण यावरून मास्तरांचं म्हणणं सिद्ध होत नाही, उलट माझंच होतं. त्यांनी केलेलं डॉक्टरेटचं आहे. तुमचं एम.एड.चं.

खानापूरचा मास्तर

मान्य नाही, पण टेक्सासवाल्यांचं पटलं. सगळं धरा म्हणत नाही आता. नीतिशास्त्राचे २ क्रेडिट मी करतो, एम.एड.ला ते नव्हतं. साहित्याचा आढावा आणि माझ्या विषयाचा पेपर, तेही करतो. राहिला संख्याशास्त्र धरून संशोधनपद्धतीचा पेपर, ४ क्रेडिटचा. किमान १२ च्या खाली जायचं नसेल तर क्रेडिट मोजा, पण वर्गातले ६० तास माफ करा आणि माझी थेट परीक्षा घ्या. कठीण काढा पेपर. नापास झालो तर बसतो वर्गात, बिनपगारी.

टिळकवाडीचे सर (निवृत्त)

हे आधी बोलला असता तर माझं एवढं टायपिंग वाचलं असतं. परीक्षा घ्यायला माझी हरकत नाही. फक्त पेपर मी काढणार, आणि पहिला प्रश्न 'टी-टेस्टच का?' हाच असेल.

निपाणीची बाई

सर, तुम्ही निवृत्त झालात. पेपर तेच काढणार ज्यांनी मला झेरॉक्स दिली.