मदत हवी आहे: खासगी केअर सेंटरला नक्की कोणता परवाना लागतो?

नमस्कार मंडळी. माझी मोठी मावशी, वय ७८, अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळली आहे. घरी उचलणं-फिरवणं जमेना, म्हणून पुण्याच्या बाहेर एका खासगी केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरवतोय. परवा बघून आलो. जागा स्वच्छ, वरण-भातही गरम. पण परवाना विचारला तर मालकांनी भिंतीवरचा लॅमिनेट केलेला गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) दाखवला. बस्स! अहो, गुमास्ता तर किराणा दुकानालाही असतो.

तिथे ११ पेशंट आहेत, काहींना नाकातून नळी, काहींना लघवीची पिशवी. रात्री मात्र एकच आया. नर्स कुठाय म्हटलं, तर "फोन केला की येते."

माझ्या वाचनाप्रमाणे आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून शुश्रूषा करणारी जागा १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात बसते. मालक म्हणतात, "आमचा वृद्धाश्रम आहे, तो कायदा लागू नाही." २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांचा उल्लेख आहे, पण तो सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात उभारायच्या आश्रमांबद्दल. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ट्रस्टची झाली, शुश्रूषेची नव्हे.

कुणी यातून गेलं आहे का? ग्रामपंचायत हद्दीत ही नोंदणी कुणाकडे तपासायची, जिल्हा परिषद की जिल्हा शल्यचिकित्सक? आणि एक लाख डिपॉझिट मागताहेत, "परत मिळणार नाही" असं छापलेल्या फॉर्मवर सही करून. करावी का? १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनचा कुणाला अनुभव असेल तर तोही सांगा. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय त्यांना.