खरं सांगा, कशी वाटली कादंबरी?

वाचनालयात पुस्तक परत करताना आपण सगळे एकच बोलतो, "छान आहे हो." मागच्या श्रावणात पाऊस लागून राहिला, लाइट गेले, चार-पाच सभासद आत अडकलो. तेव्हा एका काकूंनी सांगून टाकलं की अमुक नावाजलेली कादंबरी त्यांना साफ कंटाळवाणी वाटली. मग सगळ्यांनाच कंठ फुटला. तसंच इथे लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून. अर्धवट सोडली असेल तर कुठे सोडली तेही सांगा.

सुरुवात मी करतो. 'गारंबीचा बापू', १९५२ची. लेखक श्री. ना. पेंडसे आमच्या दापोली तालुक्यातले, मुर्डीचे, म्हणून शाळेत असताना भक्तिभावाने वाचली होती. पन्नाशीत परत वाचली तर बापू जरा जास्तच हिरो वाटला. सुपारीच्या धंद्यात त्याला यश येतं ते वाचून हसूच आलं. आमची सुपारीची वाडी आहे, वानरांनी ठेवलं तर आपलं! राधा मात्र तेव्हापेक्षा आता जास्त पटली. गाव काय म्हणेल याची तिला बापूइतकीही फिकीर नाही.

खेड
'तुंबाडचे खोत' दोन खंड आहेत. पहिला कायम कोणीतरी नेलेला, म्हणून मी दुसरा आधी वाचला. करू नका असं. चार पिढ्यांचे खोत, कोण कुणाचा काका तेच कळेना. मागच्या कोऱ्या पानावर कोणा पुण्यवान वाचकाने पेन्सिलीने वंशावळ काढून ठेवली होती, तिच्यावर तरलो. मग पहिला मिळाल्यावर दुसरा परत वाचला. लांबण आहेच, दीडशे पानं सहज कमी झाली असती. पण जगबुडी नदी मी रोज पुलावरून बघतो, आणि हल्ली बघताना तुंबाड कुठे असेल ते शोधतो.

शिरोडा
आमच्याकडे हे बोलणं म्हणजे पाप. खांडेकर १९२० ते १९३८ इथे मास्तर होते. त्यांच्या 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं. तरी सांगते, ययातीचं स्वतःबद्दलचं रडगाणं मला सोसवेना. ती पानं उलटत गेले. शर्मिष्ठा बोलायला लागली की मात्र थांबले. वाक्यं सुंदर आहेत, पण इतकी की तोंड गोड गोड होतं. मध्ये लोणच्याची फोड हवी होती.

कुडाळ
'मृत्युंजय' वाचलंय. कर्ण आमी दशावतारात रातभर बघलेलो, तेचा काय नवल नाय. माका शोणाचो भाग आवडलो. धाकट्या भावान थोरल्याबद्दल बोलूचा, ता खरा वाटता. भाषा जड. बायलेन तिसऱ्या दिवशी परत केल्यान.

गुहागर
'रथचक्र'. नायिकेला नावच नाही, नुसती 'ती'. सासूबाईंनी तीनदा वाचलंय आणि दर वेळी म्हणतात, "ही मीच." मी पहिल्यांदा चिडले होते. एवढं सोसायचं कशाला, असं वाटायचं. मग एकदा सासूबाईंनी सांगितलं, एकत्र घरात असताना मुलांच्या वह्यांसाठी पैसे मागायलाही त्या चार दिवस संधी बघायच्या. मुलांच्या शिक्षणासाठी 'ती' घर सोडते तिथे त्यांनी पानाचा कोपरा दुमडलाय. वाचनालयाचं पुस्तक आहे, पण मी तो सरळ केला नाही.

रत्नागिरी
'कोसला' कॉलेजात असताना दोनदा आणली, दोनदा परत. काही घडतच नाही म्हणून. नंतर पुण्यात तीन वर्षं मेसचं जेवलो, नोकरी न मिळता गावी आलो, तेव्हा एका बैठकीत संपवली.

चिपळूण
दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' वाचत होते. गावातली एकेक नमुनेदार माणसं, मी एकटीच हसत बसलेली. २२ जुलै २०२१ला पाणी घरात शिरलं. माळ्यावर आधी तांदूळ चढवले, मग कागदपत्रं, पुस्तक राहिलं टेबलावर. चार दिवसांनी चिखलातून काढलं ते भाकरीसारखं फुगलेलं. पंख्याखाली वाळवलं, पानं सुरीने सोडवली. शेवटची वीसेक सुटलीच नाहीत. दुसरी प्रत घेऊन भरपाई करायला गेले तर ग्रंथपाल म्हणाल्या, "अहो, इथलीच किती गेली, तुमचं एक काय मोजायचं?" घाईत मी ती नवी प्रत तिथेच ठेवून आले. कुणी नेली असेल तर शेवट सांगू नका, वाचून झाली की लवकर परत करा.