औषधांची दुहेरी पडताळणी केवळ कागदावर होत असेल तर परिचारिकेने काय करावे?

रात्रपाळी:
मी मेडिकल वॉर्डात परिचारिका आहे. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड देण्यापूर्वी दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे मात्रा तपासून सह्या कराव्यात, असा आमच्याकडे नियम आहे. परंतु रात्री वॉर्डात बहुधा एकच प्रशिक्षित परिचारिका असल्याने दुसरी सही सकाळी, पाळी बदलताना घेतली जाते. अशी सही करण्यास मी नकार दिला, तेव्हा 'आजवर काही झाले आहे का?' असे मला विचारण्यात आले. इन्चार्ज सिस्टरांना तोंडी सांगून झाले. त्यांनी ऐकून घेतले, पण बदल झाला नाही. तक्रारखोर म्हणून शिक्का न बसता हा विषय पुढे कसा न्यावा, आणि तोवर रात्री नेमके काय करावे?

जुनी सिस्टर:
सही नाकारलीत हे योग्यच केलेत. सकाळी केलेली सही म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष, आणि काही विपरीत घडल्यास चौकशीत सर्वांत आधी तीच पुढे ठेवली जाते. 'आजवर काही झाले का' हा प्रश्न विचारणाऱ्यांना, काही झाले असते तर ते कोणत्या नोंदीवरून कळले असते, असे शांतपणे विचारून पाहा. चुकलेल्या मात्रेचा परिणाम पुष्कळदा रुग्णाच्या मूळ आजाराच्याच खाती जमा होतो.

रात्रीपुरते सांगायचे तर शेजारच्या वॉर्डातील परिचारिकेला किंवा ड्यूटीवरील डॉक्टरांना तपासणीसाठी बोलवावे. कोणीच येऊ शकले नाही तर सुपरवायझरना फोन करावा, त्या फोनची वेळ नोंदवावी आणि दुसऱ्या सहीची जागा रिकामीच राहू द्यावी. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण वॉर्डाच्या कपाटात ठेवले जात असेल, तर तो मुद्दा सर्वप्रथम मांडा. ते विरल न करता शिरेतून गेल्यास हृदय बंद पडू शकते, आणि म्हणूनच ते सर्वसाधारण वॉर्डांतून काढून घ्यावे अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. या बदलाला जादा मनुष्यबळ लागत नाही, त्यामुळे त्याला नकार देणे कोणालाही जड जाते.

शंकेखोर:
लेखी देणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागते असे मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथील रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन यांनी एका शल्यचिकित्सकाच्या कामाबद्दल २००३ पासून वरिष्ठांना सावध केले होते. खरी हालचाल झाली ती २००५ मध्ये त्यांनी लोकप्रतिनिधीला गाठल्यावर आणि प्रश्न क्वीन्सलँडच्या विधिमंडळात गेल्यावर. अमेरिकेत टेक्सासमधील विंकलर काउंटीत तर ॲन मिचेल आणि त्यांच्या सहकारी परिचारिकेने एका डॉक्टरविषयी राज्याच्या वैद्यकीय मंडळाला निनावी पत्र पाठवले, तेव्हा दोघींची नोकरी गेली आणि फौजदारी गुन्हाही त्यांच्यावरच दाखल झाला. मिचेल यांना २०१० मध्ये ज्युरीने निर्दोष ठरवले खरे, परंतु मधला काळ कोणी भरून देत नाही. तेव्हा निनावीपणावर विसंबू नका, एकट्याने पुढे जाऊ नका, आणि रुग्णांच्या कागदपत्रांच्या प्रती चुकूनही घरी नेऊ नका.

गुणवत्ता कक्ष:
वरील दोन्ही प्रकरणे एका व्यक्तीविरुद्धच्या तक्रारींची होती, आणि तिथे धोका मोठाच असतो. येथे प्रश्न व्यवस्थेचा आहे, आणि तो तसाच मांडला तर सूडबुद्धीला वाव कमी राहतो. घटना-अहवाल, म्हणजे चुका आणि त्रुटींच्या लेखी नोंदी, वाचणे हे माझे रोजचे काम आहे. 'सहकारी निष्काळजी आहेत' असे लिहिलेला अहवाल वादात अडकतो. 'या रात्री इतके रुग्ण, एक प्रशिक्षित परिचारिका, हेपॅरिनच्या इतक्या मात्रा दुसऱ्या तपासणीविना' असे लिहिलेल्या अहवालाला उत्तर द्यावेच लागते. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक लिंडा एकन यांच्या २००२ च्या प्रसिद्ध अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांविषयी असे आढळले की परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढतो तशी ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी अधिक असते. हा आकडा जोडावा, पण त्याच्या आधी आपल्या वॉर्डाचे आकडे हवेत.

अहवालाच्या शेवटी निश्चित मागणी असू द्या. उदाहरणार्थ, डॉक्टरांच्या संमतीने ज्या मात्रांची वेळ बदलता येते त्या संध्याकाळची पाळी असतानाच द्याव्यात, आणि उरलेल्यांसाठी दोन वॉर्डांनी ठरावीक वेळी एकमेकींकडे तपासणीला जावे. अहवालांची संख्या वाढली की व्यवस्थापन बिथरते, हेही ध्यानात ठेवा. वास्तविक अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात असे दिसले होते की रुग्णालयांतील चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुकांच्या नोंदी अधिक असतात, कारण तेथे त्या लपवल्या जात नाहीत.

रात्रपाळी:
आपणा सर्वांची आभारी आहे. पोटॅशियम क्लोराइड आमच्याकडे सलाइनच्या छोट्या अँप्यूलशेजारीच ठेवलेले असते, त्यामुळे सुरुवात तेथूनच करीन. माझ्यासोबत पत्रावर दोघी सहकारी सही करण्यास तयार आहेत. पत्र थेट मेट्रनना द्यावे की आधी इन्चार्ज सिस्टरांना?

जुनी सिस्टर:
इन्चार्ज सिस्टरांच्या नावे लिहा, मेट्रन आणि औषधविभागाला प्रत द्या, आणि देण्यापूर्वी सिस्टरांना स्वतः वाचून दाखवा. त्यांनाही बहुधा हेच वर सांगायचे असते, फक्त हातात कागद नसतो. आपल्या प्रतीवर पोच मात्र तारखेसह घ्या.