बालवर्गात ताल: आधी बोल की आधी पाय?

बालमंदिरातली बाई, रावपुरा
आमच्या शाळेत यंदा संगीताला नवे सर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सीनियर केजीकडून तीनतालाचा ठेका, म्हणजे त्याचे तबल्याचे बोल, पाठ करून घेतला. मुलं 'धा धिं धिं धा' पाढ्यासारखं घडाघडा म्हणतात, पण बोलाबरोबर टाळी एकाचीही पडत नाही. माझं मत सांगते: सात वर्षांपर्यंत तालाचं नावसुद्धा काढू नये. आधी पाय.

मी डफ वाजवते, मुलं गोल चालतात. डफ थांबला की जिथल्या तिथे थांबायचं. लय मी ठरवत नाही, मुलांची चाल बघून डफ धरते, कारण एवढ्याशा मुलाला आपल्या संथ लयीत चालवलं तर ते अडखळतंच. मग भाज्या. भेंडी म्हटलं की दोन टाळ्या, बटाटा म्हटलं की तीन. वर्गातला एक मुलगा महिनाभर दुसऱ्यांना धडकत होता. परवा डफ थांबला तेव्हा त्याचा पाय हवेत होता. त्याने तो तसाच वर धरला, तोंड घट्ट मिटून, आणि डफाची पुढची थाप पडल्यावरच टेकवला. रिकामी जागा त्याला कळली. ती फळ्यावर लिहून कळली असती का?

तबल्याचा शिक्षक
बाई, मला हे अजिबात पटत नाही. चालण्यात सगळी पावलं सारखी, मग सम, म्हणजे तालाच्या फेरीचा पहिला ठोका (मात्रा), कुठली? तीनतालात पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात उलटा. फिरून समेवर येणं हाच ताल आहे. माझ्याकडे नऊ-दहा वर्षांची मुलं येतात. टाळ्या झकास वाजवतात, पण सम दाखव म्हटलं की इकडेतिकडे बघतात, आणि तालाच्या चार फेऱ्यांत (आवर्तनांत) लय दुप्पट. बोल लहानपणीच जिभेवर बसतात. पुढे तेच सावरतात.

तुमच्या बटाट्याबद्दलही बोलतो. 'ब' लघु, 'टा' 'टा' गुरु, म्हणजे पाच मात्रा. मूल बोलताना ते बरोबर लांबवतं आणि तुम्ही तीन सारख्या टाळ्या देऊन ते सपाट करता! आपल्या याच बडोद्यात १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली. गाणं लिहिता यावं म्हणून लिपी बसवली. पद्धतशीर शिकवण्याची परंपरा आपल्याकडे आहे, ती खेळात का घालवायची?

एक आई, दांडिया बाजार
सर, पण गरब्यात काय होतं? माझी मुलगी चार वर्षांची. नवरात्रात सोसायटीत त्रण ताळी करते. तीन टाळ्या, मग वळण. तिला मात्रा ठाऊक नाहीत, पण वळायच्या जागी ती बरोबर वळते. मध्येच चुकली तर उभी राहते, बायकांची एक फेरी बघते आणि पुन्हा पहिल्या टाळीलाच शिरते. यालाच तुम्ही सम म्हणता ना?

प्राथमिक शिक्षक, मांजलपूर
गोल चालायला जागा कुठे आहे? माझ्या वर्गात ४६ मुलं, बाकांमधून मीच आडवा होऊन जातो. डफ वाजला की शेजारच्या बाई दारात उभ्या. मी बाकावर एका बोटाने ठोकायला लावतो, खालीला तळहात उलटा. आवाज होत नाही. हजेरीच्या आधी पाच मिनिटं, रोज. आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

बालमंदिरातली बाई, रावपुरा
सर, बटाटा मी चुकले. उद्यापासून 'टा'ला दोन्ही हात लांब ओढायचे, टाळी नाही.

पण चालण्यात सम नाही, हे खरं नव्हे. दादरा घ्या. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, चौथीला खाली. उजव्या पायाने निघा. सम उजव्यावर पडते, खाली डाव्यावर, पुढची सम पुन्हा उजव्यावर. काल मी समेच्या पावलाला नुसती थाप जोरात दिली, एक शब्द बोलले नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला निम्मी मुलं उजवा पाय आपटायला लागली. केरव्यात हे होत नाही, आठ मात्रांत सम आणि खाली दोन्ही एकाच पायावर येतात. म्हणून मी दादऱ्यानेच सुरुवात करते.

तबल्याचा शिक्षक
पायाचं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उद्या माझ्या लहान तुकडीला चालवून बघतो. पण बाई, तोंडाने 'धा धी ना, धा ती ना' म्हणतच चालवणार. 'ती'ला डग्गा (जोडीतला घुमणारा डावा) गप्प असतो, ते कानाला कळायला बोलच हवा. मुकं चालणं मला मान्य नाही.

बालमंदिरातली बाई, रावपुरा
बोल तुम्ही म्हणा, मुलांनी ऐकू देत. त्यांच्याकडून पाठ मात्र करून घेऊ नका.