क्वांटम ऑफ सोलेस खरंच फसलेला बाँडपट आहे का?

कोरडी_नदी
डॅनियल क्रेगच्या बाँडपटांचा विषय निघाला की ठरलेलं ऐकायला मिळतं, कॅसिनो रोयाल अफलातून, स्कायफॉल अफलातून, मधला क्वांटम नाही बघितला तरी चालेल. मला हे अजिबात पटत नाही. परवाच दोन्ही लागोपाठ परत बघितले आणि आता तर अजिबातच पटत नाही, म्हणून हा धागा. (स्पॉयलर भरपूर आहेत, पिक्चर २००८ चा आहे तेव्हा चालवून घ्या.)

कॅसिनो रोयाल संपतो तेव्हा बाँडची प्रेयसी व्हेस्पर व्हेनिसमध्ये बुडून गेलेली असते आणि बाँड तिच्यामागच्या गुप्त संघटनेच्या मिस्टर व्हाइटच्या पायात गोळी घालून आपलं नाव सांगतो. क्वांटम त्यानंतर साधारण तासाभरात सुरू होतो, तोच व्हाइट गाडीच्या डिकीत कोंबलेला. असा सरळ जोडून आलेला सीक्वेल बाँडमध्ये तोवर नव्हताच. १९६९ च्या ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिसमध्ये लग्न झाल्या झाल्या बाँडची बायको गोळी लागून जाते, आणि १९७१ च्या पुढच्या पिक्चरमध्ये तिचं नावसुद्धा कोणी काढत नाही! इथे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की बाबा रे, ती गेली त्याचं या माणसाला काय झालं. विमानातला सीन आठवा, बाँडचा जुना सहकारी मॅथिस झोपेतून उठून येतो, बाँड एकटाच बारवर पीत बसलाय, काय पितोयस विचारलं तर त्याला सांगता येत नाही, आणि बारवाला जी कृती सांगतो ती आधीच्या पिक्चरमध्ये त्याने व्हेस्परचं नाव दिलेल्या कॉकटेलची. सहा झालेत म्हणे. एकही अश्रू नाही, भाषण नाही. दु:ख झालेला पण कोणाशी बोलू न शकणारा माणूस मला तरी या पूर्ण मालिकेत इतका खरा दुसरीकडे दिसलेला नाही. लोकांना परत पोकरचा डाव आणि परत तशीच लव्हस्टोरी हवी होती, ती मिळाली नाही म्हणून पिक्चर वाईट कसा?

तिसरी_घंटा
दु:ख वगैरे सगळं मान्य पण ॲक्शनपटात ॲक्शन दिसायला नको का? सुरुवातीचा गार्डा तलावाकाठचा कार चेस घ्या, ॲस्टन मार्टिनच्या मागे कोण लागलंय, कुठली गाडी पुढे, दरवाजा कोणाचा उडाला, काही म्हणजे काही कळत नाही, एक शॉट डोळ्यात बसायच्या आत दुसरा येऊन आदळतो. मग सिएनात बोगद्यातून छपरांवर पळापळ आणि मध्येमध्ये पालिओ या तिथल्या घोड्यांच्या शर्यतीचे शॉट, त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय तर काही नाही. सेकंड युनिट डायरेक्टर डॅन ब्रॅडली आणि एडिटर रिचर्ड पिअर्सन दोघंही बोर्न या हेरपटांच्या मालिकेत काम केलेले, त्यामुळे हा सगळा बोर्नच्या यशामागे धावण्याचा प्रकार आहे. त्याच्या दोन वर्षं आधी कॅसिनो रोयालमध्ये मार्टिन कॅम्पबेलने मादागास्करचा क्रेनवरचा पाठलाग दाखवला होता, त्यात प्रत्येक उडी कुठून कुठे आणि किती उंचीवरून हे आपल्याला माहीत असतं म्हणून पोटात गोळा येतो. सीक्वेल म्हणून आलास ना, मग त्याच मापाने मोजणार. १४४ मिनिटांच्या पिक्चरनंतर हा १०६ मिनिटांचा, बाँडमधला सगळ्यात छोटा, आणि तरी मला थकायला झालं.

बोरांचं_झाड
+१ तिसरी_घंटा. व्हिलन तर आठवतच नाही. डॉमिनिक ग्रीन बिचारा क्लायमॅक्सला कुऱ्हाड घेऊन किंचाळत येतो, कॅसिनो रोयालमधल्या ल शिफ्रच्या डोळ्यातून रक्त यायचं ते अजून डोळ्यासमोर आहे. आणि प्लॅन काय तर बोलिव्हियाचं पाणी अडवायचं. पाणी! जग हादरवणारं काहीतरी हवं ना.

अर्धा_पेला
बोरांचं_झाड, मी लातूरची आहे त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकर कधी येणार, कोणाच्या गल्लीत आधी जाणार, कोणाच्या ओळखीने जाणार यावर माणसं कशी वागतात ते बघितलंय. ज्याच्या हातात पाणी त्याच्या हातात गाव, याच्याहून जग हादरवणारं अजून काय असतं मला खरंच सांगा.

आणि हे लेखकांनी हवेतून काढलेलं नाही. बोलिव्हियात कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा खरोखर खासगी कंपनीकडे गेला होता, दर भरमसाट वाढले, लोक रस्त्यावर उतरले आणि २००० साली सरकारला करार मोडावा लागला. पिक्चरमध्ये ग्रीन बोलिव्हियाची सत्ता घ्यायला निघालेल्या जनरल मेड्रानोपुढे कागद ठेवतो की आता पाणी माझ्याकडून घ्यायचं, दुप्पट भावाने, तो सीन मला कुठल्याही लेझर नि अणुबाँबवाल्या व्हिलनपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. जमिनीखाली धरण बांधून साठवलेलं पाणी आणि वर गावातले लोक कोरड्या नळाखाली भांडी घेऊन उभे, हे दोन मिनिटंच दाखवलंय पण बरोबर दाखवलंय. ग्रीन दिसायला साधा, पर्यावरणाच्या गप्पा मारणारा, पार्टीत देणग्या गोळा करणारा माणूस आहे हेच तर त्याचं भयंकरपण आहे, त्याला डोळ्यातून रक्त कशाला हवं!

पाचवा_फलाट
पाण्याचा मुद्दा एकदम मान्य, पण अर्धा_पेला, तुम्ही जे सांगितलंत ते पिक्चरपेक्षा जास्त नीट सांगितलंत. हेच दुखणं आहे. कल्पना उत्तम आणि पटकथा अर्धवट. हॉलिवूडमधल्या लेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला, पटकथाकार पॉल हॅगिसने मसुदा कसाबसा त्याच्या तोंडावर दिला आणि नंतर दुरुस्ती करायला कोणी नाही, क्रेगने स्वत: पुढे सांगितलंय की तो आणि दिग्दर्शक मार्क फोर्स्टर मिळून सीन लिहीत होते. त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. बाँडला परत न्यायला पाठवलेली ब्रिटिश एजंट फील्ड्स येते, दोन सीन होतात न होतात तोच पलंगावर तेलाने माखलेली मेलेली सापडते, गोल्डफिंगरची आठवण म्हणून शॉट जबरदस्त, पण ती कोण होती हे कळायच्या आत गेली. व्हाइट आणि ग्रीन ज्या संघटनेचे ती क्वांटम एवढी मोठी, तिचं पुढे काय? २०१५ च्या स्पेक्टरमध्ये तिला गुपचूप दुसऱ्या संघटनेच्या पोटात ढकलून दिलं.

कोरडी_नदी
पाचवा_फलाट, संपाचं खरंय, पण घाईत लिहिलं म्हणून सगळंच कच्चं असं होत नाही. ब्रेगेन्झचा ऑपेरा बघा. तलावावरचा तरंगता रंगमंच, मागे तो अवाढव्य डोळा, टॉस्का चालू आहे आणि क्वांटमचे लोक प्रेक्षकांत विखुरलेले, कानातल्या यंत्रावरून धंद्याच्या गोष्टी करतायत. बाँड मध्येच बोलतो, ते घाबरून एकेक करून उठतात आणि तो फोटो काढत सुटतो, एकटा व्हाइट जागचा हलत नाही! मग गोळीबार होतो तेव्हा बंदुकीचे आवाज जवळजवळ काढून टाकलेत, फक्त संगीत. बाँडला इतका हुशार सीन आधीच्या कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. तिसरी_घंटा, कारच्या पाठलागाबद्दल भांडणार नाही, तिथे एडिटिंग खरंच अति झालंय, पण एका पाठलागावरून पूर्ण पिक्चर निकालात काढू नका एवढंच म्हणणं आहे.

बोरांचं_झाड
आणि मॅथिसचं प्रेत कचऱ्याच्या पेटीत टाकून पाकिटातले पैसे काढून घेतो ते? ज्याच्यावर आधी खोटा संशय घेतला त्याच्याशी असं? तिथे मला बाँड नकोसा झाला.

अर्धा_पेला
नकोसा व्हायलाच हवा ना. आधी मरणाऱ्या मॅथिसला पोटाशी धरून बसतो, तोच तर म्हणतो व्हेस्परला माफ कर आणि स्वत:लाही. त्याच्यानंतर मिनिटभरात ते प्रेत पेटीत. हा माणूस आतून कुठे पोचलाय ते त्या एका कृतीत कळतं, आणि तिथून तो परत येतो म्हणून शेवट चालतो.

तिसरी_घंटा
शेवटाचंच बोलायचं तर माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. दोन पिक्चरभर ज्या युसूफमुळे सगळं घडलं, ज्याने व्हेस्परला फसवलं, तो अखेर कझानमध्ये बाँडच्या समोर बसलाय. तो आता जिला फसवतोय ती दुसरी मुलगी बाहेर जाते, दार लागतं आणि पुढच्या शॉटला बाँड बर्फात त्याच्या बॉस एमशी बोलत उभा! आत काय झालं? काय बोलले? कोरडी_नदी, तुम्ही म्हणता तसं हा दु:खाचा पिक्चर आहे, तर मग त्या दु:खाचा जाब जिथे विचारला जाणार तोच सीन कापलाय.

कोरडी_नदी
युसूफ जिवंत आहे एवढं बाँड एमला सांगतो, मला तेवढं पुरलं. जो दिसेल त्याला मारत सुटलेला माणूस इथे थांबला, ते कसं थांबला हे दाखवायला गेले असते तर परत एक भाषण झालं असतं.

तिसरी_घंटा
भाषण नको, पण मला तो त्याच्यासमोर गप्प बसलेला तरी बघायचा होता. १०६ मिनिटांच्या पिक्चरमध्ये आणखी दोन मिनिटांना जागा होती की.