मदत हवी आहे: मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपास आणि कच्चा आहार कोणी केलाय का?

नमस्कार. वडिलांसाठी विचारतेय. वय ६८, मधुमेह बराच जुना. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. उन्हाळ्यापासून त्यांनी नेम धरलाय: दुपारपर्यंत शिजवलेलं काही खायचं नाही आणि संध्याकाळी सातनंतर तोंड बंद. त्यांना फायदा होतोय, हे मी नाकारत नाही. पण गोळ्या जुन्याच मापाने चालल्या आहेत आणि माझी सगळी काळजी तिथे आहे.

तुमच्यापैकी कोणी किंवा घरातल्या कोणी साखरेच्या गोळ्या घेत असताना असा आहार केला असेल, तर गोळ्यांचं काय केलंत? कोणाच्या देखरेखीखाली केलंत? आणि हटून बसलेल्या ज्येष्ठांना डॉक्टरांकडे कसं नेलंत?

आता सविस्तर सांगते. बाबा ठाण्यात नौपाड्यात एकटे राहतात, मी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारायच्या, येताना गाडीवरचा कोहळ्याचा नाहीतर दुधीचा रस प्यायचा. अकराच्या सुमारास मोठं ताट: किसलेलं गाजर-बीट, काकडी, मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, वर लिंबू. तीन वाजता एक भाकरी, भाजी, ताक. सातच्या आत पपई किंवा पेरू. भात बंद, बिस्किटं बंद, चहा एकच आणि तोही बिनसाखरेचा. सोमवारी आणि एकादशीला तर भाकरीसुद्धा नाही, दिवसभर ताक आणि फळं एवढंच. जांभळी नाक्याच्या मंडईत ते इतक्या मन लावून भाजी निवडतात की आता भाजीवाली त्यांच्यासाठी कोवळ्या काकड्या बाजूला काढून ठेवते.

फायदा म्हणाल तर पट्ट्याला आतल्या बाजूला नवीन भोक पाडावं लागलं. वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता गेली. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायचे, ते आता थांबत नाहीत. आई गेल्यापासून इतकी तरतरी त्यांच्यात मी पाहिली नव्हती. म्हणून त्यांचा हा उत्साह मला मोडायचा नाही. आधी आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर वेफर्स. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते अक्षरशः. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे उपासाच्या दिवशी साखर हमखास चढायची. आता उलटं झालंय, ती उतरते. आणि ग्लिमेपिराइड घ्यायची होती नाश्त्याच्या वेळी. नाश्ता गेला, गोळी राहिली.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे डबे परत न्यायला गेले. पंखा पूर्ण वेगात चालू होता तरी बाबांचा बनियन घामाने भिजलेला. लेंग्याची नाडी बांधायचा प्रयत्न चालला होता, पण बोटं इतकी थरथरत होती की गाठ बसेना. मी हात लावायला गेले तर खेकसले. बाबा असे कधी बोलत नाहीत. ग्लुकोमीटर काढला, ५८. पाण्यात साखर घालून प्यायला दिली. पाव तासाने पुन्हा पाहिलं तेव्हा ८४ झाली होती, मग भाकरी खायला लावली. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्यांचं म्हणणं काय, तर "अगं, उपासाने अंगातली घाण बाहेर पडते, तेव्हा घाम येतोच. आमच्या ग्रुपवर सांगितलंय."

हे वाक्य ऐकल्यापासून मला रात्री नीट झोप नाही. एकटे राहतात. हेच जिन्यात झालं असतं तर? पहाटे तलावपाळीचा रस्ता ओलांडताना झालं असतं तर?

डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलतात. आईची शेवटची वर्षं डायलिसिसमध्ये गेली आणि "गोळ्यांनी किडनी जाते" हे त्यांच्या मनात तेव्हापासून घट्ट बसलंय. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं हाताबाहेर राहिलेल्या साखरेने आणि बीपीने, हे त्यांना किती वेळा सांगितलं. त्यांना वाटतं डॉक्टर हे सगळं बंद करायला लावतील आणि आणखी एक गोळी वाढवतील. फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर तर रोज व्हिडिओ येतात, कच्चं खा आणि गोळ्या फेकून द्या. बाबांनी गोळ्या फेकल्या नाहीत, पण मधलं काही त्यांना कोणी सांगतही नाही.

ठाणे, कळवा, नवी मुंबई भागातल्यांनी स्वतःचा अनुभव लिहिला तर फार मदत होईल.

प्रतिसाद (नेरुळहून)

ताई, ७० च्या खाली साखर म्हणजे हायपो. घाम, थरथर, खेकसणं ही सगळी त्याचीच लक्षणं. घाण वगैरे काही बाहेर पडत नव्हती, मेंदूला साखर कमी पडत होती. हे बाबांना याच शब्दांत सांगा.

मी स्वतः मधुमेही आहे, वय ५३. दिवसातून दोनदाच जेवते, डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने, ५५ मिनिटांत जेवण उरकायचं ती. सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी सगळ्यात पहिल्यांदा ग्लिमेपिराइडला हात घातला. आधी निम्मी केली, पुढचे रिपोर्ट बघून बंद केली. मेटफॉर्मिन जेवणासोबत चालू ठेवली. त्यांनी कारणही सांगितलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, त्यामुळे नुसत्या मेटफॉर्मिनवर हायपो क्वचितच होतो. उतारवयात, त्यातून क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं) असेल तर, ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो. साखरपाणी पिऊन आकडा वर आला तरी काही तासांनी पुन्हा खाली येऊ शकतो. म्हणून नंतर भाकरी खायला लावलीत ते फार बरं केलंत. तो दिवसभर मध्येमध्ये साखर बघत राहायला हवी.

माझं बघून मात्र बाबांची गोळी निम्मी करू नका. प्रत्येकाचं गणित वेगळं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी त्यात असेल तर लंघनात साखर फारशी वाढलेली नसतानाही अंगात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढू शकतात. मळमळ, उलट्या, धाप लागणं, असं सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं पित्त झालं.

आता मन वळवायचं. माझे अण्णाही असेच होते. "डॉक्टरांना दाखवू या" म्हटलं की पाय रोवायचे. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, तुमचं वजन उतरलंय, आता तुम्हाला एवढ्या गोळ्या लागतात का ते विचारून येऊ." लगेच चप्पल घातली. आणि त्यात खोटं काही नव्हतं. आहार लागू पडला की गोळी कमी करावी लागते, नाहीतर साखर पडते. तुमच्या बाबांना ५८ दिसली कारण त्यांचा नेम काम करतोय आणि गोळीला ते माहीत नाही. बीपीचंही तसंच. वजन उतरलं की बीपी उतरतं, मग तीच गोळी जास्त होते आणि उठताना चक्कर येते. तेही तपासून घ्या.

दंडाला चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो साधारण दोन आठवडे चालतो आणि दिवसरात्र साखर टिपतो. स्वस्त नाही, पण एकदा लावून बघाच. पहाटे फिरताना साखर कुठे जाते ते बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आणि बी१२ तपासा. मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतली की ते कमी होतं, भाजीपाल्यात तर ते नसतंच. तळपायाला मुंग्या येतात का, विचारा.

प्रतिसाद (ठाणे पश्चिम)

माझा अनुभव निसर्गोपचाराच्या बाजूचा आहे, त्यामुळे बाबांना कदाचित हा जास्त पटेल. उरुळी कांचनच्या आश्रमात मी राहून आलो आहे, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला आणि मणिभाई देसाईंनी वाढवलेला तो. तिथे गेल्यावर आधी तपासणी झाली, चालू औषधं विचारली आणि मगच आहार ठरला. कोणाला रस, कोणाला उकडलेल्या भाज्या, कोणाला कच्चं जास्त. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकांना मधुमेह होता, त्यांचं ताट माझ्यापेक्षा पूर्ण वेगळं असायचं. ग्रुपवर मात्र एकच तक्ता शंभर जणांना पाठवतात, हे मला मुळीच पटत नाही. गांधीजींनी स्वतः १९२९ मध्ये कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि प्रकृतीला मानवेना तेव्हा थांबवला होता, हेही बाबांना सांगा.

मला कच्च्याने बरं वाटलं, पण पहिल्यांदा पोट ढोलासारखं फुगायचं. हळूहळू वाढवलं, चावून खाल्लं आणि संध्याकाळनंतर कच्चं बंद केलं, तेव्हा जमलं. आता निम्मं कच्चं, निम्मं वाफवलेलं खातो. शिजवलं म्हणजे सत्त्व मेलं हेही सरसकट खरं नाही. गाजर वाफवून वर तुपाची धार घातली की त्यातलं कॅरोटीन अंगी जास्त लागतं. टोमॅटोतलं लायकोपीनसुद्धा शिजवल्यावरच चांगलं मिळतं. क जीवनसत्त्व शिजवताना जातं, त्यासाठी लिंबू, पेरू, आवळा आहेतच.

प्रतिसाद (कोपरखैरणे)

दोनच गोष्टी सांगते, पण दोन्ही महत्त्वाच्या. मी अन्नतंत्रज्ञान शिकवते.

बाबांचे मोड आलेले मूग वाफवून द्या. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, ५० हून अधिक माणसं गेली. तिचा माग लागला मेथीच्या मोडांपर्यंत. जंतू मुळात बियांवरच असतात आणि मोड यायला जी ऊब आणि ओल लागते ती त्यांनाही मानवते. नुसतं धुऊन ते जात नाहीत. पावसाळा, वय ६८ आणि मधुमेह, एवढं सगळं एकत्र असताना कच्चे मोड नकोच. पाच-सात मिनिटं चांगली वाफ द्या, कुरकुरीतपणाही राहतो.

दुसरं, गाडीवरचा दुधीचा रस. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, बीपी एकदम खाली, इथवर जाऊ शकतं. आपल्या देशात यातून मृत्यूही झाले आहेत आणि आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) त्यानंतर कडू रस पिऊ नका असं स्पष्ट सांगितलं. गाडीवर दुधीत आवळा-पुदिना-आलं घालतात, त्यात कडूपणा कळतच नाही. घरी रस काढायचा तर आधी दुधीची फोड चाखा, जरा कडू लागली तरी अख्खा दुधी टाका. कोहळ्याचंही असंच चाखून बघा.

आणि येऊरच्या बायका पावसाळ्यात शेवळं घेऊन बसतात, ती कोणी "रानभाजी आहे, कच्चीच खा" म्हटलं तर ऐकू नका. घसा खवखवून हैराण होतील. शेवळं काकडं (आंबट रानफळं) घालून शिजवतात, अळूत चिंच घालतात, ते उगीच नाही. सुरण आणि राजमाही कच्चा कधीच नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नेरुळच्या ताईंचं वाक्य मी जसंच्या तसं वापरलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कमी करणार असतील तर येतो." बुधवारची वेळ घेतली आहे. तोवर काय करायचं हे दवाखान्यात फोन करून विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की तपासेपर्यंत सोमवारचा आणि एकादशीचा उपास थांबवा, ग्लिमेपिराइड रिकाम्या पोटी नको, पहिल्या जेवणासोबत घ्या आणि फिरायला जाण्याआधी साखर बघा. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आता ग्लुकोजची पुडी असते. फेऱ्या मारणाऱ्या त्यांच्या दोन मित्रांनाही मी घाम आणि थरथरीचं सांगून ठेवलंय. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि बी१२ या तपासण्या यादीत लिहिल्या आहेत. पोटॅशियम मुद्दाम, कारण टेल्मिसार्टनने ते वाढू शकतं आणि बाबा पोटॅशियमने भरलेलं शहाळंही बरंच पितात. मुगाला आजपासून वाफ.

एक प्रश्न अजून राहिला. घट बसले की आमच्याकडे नऊ दिवस धान्य बंद असतं आणि बाबांनी ते कधी मोडलं नाही. "उठता-बसता करा", म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास, असं मी सुचवणार आहे. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनी नऊ दिवसांऐवजी उठता-बसता उपास कोणाकडे केलाय का? आणि त्या दोन दिवसांत राजगिरा, वरी, ताक यांतलं काय, किती आणि कोणत्या वेळी दिलंत?